पुजलेल्या वह्या

३ सप्टेंबर १९६१
कागद नाही! पिरंगुटपर्यंत चालत जाऊन एस.टी. धरली, पुण्यात शनवारात अण्णांच्या जुन्या कागदवाल्याकडे गेले. जुलैच्या पुरात त्याचा सगळा माल गेलाय. भिंतीवर डोक्याच्याही वर चिखलाची रेघ. "तुमच्या वडिलांना मी कधी रिकाम्या हातानं धाडलं नाही, पण आता काय देऊ?" बिचारा. त्याची कीव करायची सोडून मी भऱ्याला घरी येईपर्यंत चरफडत होते.

५ सप्टेंबर
हे म्हणाले, "दिवाळीपतुर बघ. मंग भात येतंय, पोती पडवीतच टाकाय लागत्यात." म्हणजे तोवर वह्यांना दुकान मिळालं नाही, तर पडवीतला माझा वह्या दाबायचा लाकडी दाब, पुठ्ठे, सगळं माळ्यावर. अण्णा पुण्यातले बाइंडर. शेजारी बसवून त्यांनी मला वही शिवायला शिकवली, ती काय माळ्यावर टाकायला? आत्याबाईंची खोली अर्धी रिकामी आहे. पण तिथे त्या साधं सूप ठेवू देत नाहीत. सासूच्या खोलीबद्दल बोलायची माझी काय टाप!

११ सप्टेंबर
एका छापखान्यातून कापून उरलेला कागद मिळाला. एक पान दुसऱ्यासारखं नाही. कडा जुळवता जुळवता मान मोडली.

१४ सप्टेंबर
वरचं कापड कसं करावं ते आठ दिवस सुचत नाही. दुकानात लाल वह्यांचा ढीग असतो, त्यात माझी लाल कोण घेणार? आत्याबाई म्हणतात, "कोरा कागद इकायचा, आन् वर नखरा किती!"
डोंगरावरच्या वाडीतली फुलाबाई हिरडा घेऊन आली होती. तिच्यापुढे रडगाणं गायले. म्हणाली, "हिरडा उकळ, त्यात गंजका खिळा टाक. मंग बग कापड कसं काळं धरतंय." धरलं! काळंभोर!

१६ सप्टेंबर
दारात बसल्या बसल्या भाताच्या खाचरांकडे बघत होते. बांध कसे वळत वळत जातात. तशीच पांढऱ्या दोऱ्याची शिवण काळ्या कापडावर घातली. नऊ वर्षं हे रोज समोर होतं आणि मी पुण्याच्या दुकानांच्या काचांत डोकावत हिंडत होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

२९ सप्टेंबर
बोटं निळी. खळीत मोरचूद घालावं लागतं, नाहीतर वहीला कसर लागते. हे म्हणाले, "ह्या हातानं भाकरी नगं बाबा." मग थापा तुम्ही!

७ ऑक्टोबर
दुकान मिळालं! निदान अर्धं तरी. चार ठिकाणी नाही ऐकलं, पाचव्या दुकानदाराने वही उलटीपालटी केली, कानाशी धरून पानं सोडली. "शिवण पक्की आहे. चोवीस वह्या आणा. दसरा झाला की व्यापारी लक्ष्मीपूजनासाठी वह्या न्यायला लागतात. खपल्या तर बारमाही घेईन." येताना एस.टी.त उभी होते, पण पाय दुखले नाहीत.

१२ ऑक्टोबर
गावात मोठ्या माणसांना लिहायला शिकवायचा वर्ग काढलाय. संध्याकाळी देवळात. बायका पदर तोंडाला लावून हसत जातात म्हणे. मी आत्याबाईंना म्हटलं, जा की तुम्ही. "माजी लाकडं गेली मसनात. आता काय लिवू? यमाला चिठ्ठी?" पुढे बोलायची सोय नाही. मला तरी कुठे वेळ आहे. अजून सात वह्या शिवायच्यात.

१९ ऑक्टोबर, दसरा
चोवीस झाल्या. काल रात्रीच गठ्ठा धोतराच्या फडक्यात बांधून ठेवला. सकाळी दाब, सुया, कात्री पुजून झेंडूची माळ घातली. फार दिवसांनी पुरण मनापासून वाटलं. उद्या पुणे.

२० ऑक्टोबर
काय लिहू.
दुकानदाराने फडकं सोडलं. पहिली वही उघडली. पहिल्याच पानावर हळदीकुंकवाची पाच बोटं! आणि मध्ये आपट्याचं पान! दुसरी उघडली, तिसरी उघडली. चोवीसच्या चोवीस!
"बाई, ह्या पुजलेल्या वह्या. व्यापारी लक्ष्मीपूजनाला कोरी वही मांडतो आणि स्वतःच्या हातानं पुजतो. दुसऱ्याच्या घरची पुजलेली कोण नेईल?" मी म्हटलं, नव्या आहेत हो, परवाच्या. "नव्या असतील. कोऱ्या नाहीत." वाईट बोलला नाही तो. गठ्ठासुद्धा त्यानेच बांधून दिला. त्याचंच जास्त लागलं.
घरात पाऊल टाकलं तशी किंचाळले, "आत्याबाई, काय केलंत हे?" त्या तांदूळ निवडत होत्या. "काय केलं? दसऱ्याला सुयाकात्र्या पुजल्यास, आन् वह्या तशाच बांधून ठिवल्यास. म्हनून गठुडं सोडलं, पुजल्या, परत बांधलं. वही उपाशी ठिवायची व्हय?" मी नको नको ते बोलले. "तुम्हाला अक्षर माहीत नाही, तुम्हाला वहीची काय किंमत!" असंही बोलले. त्या उठून आत गेल्या. तांदूळ तसेच सुपात.

२१ ऑक्टोबर
पहिलं पान काढून बघितलं. काढता येत नाही! एकच कागद दुमडून दोन पानं होतात. पुढचं ओढलं की मागचं जोडपान सुटतं आणि सगळी घडी ढिली होते. अण्णांची पक्की शिवण मलाच नडली. नव्याने शिवायला दिवसही नाहीत, कागदही नाही.

२८ ऑक्टोबर
पौडच्या बाजारात बसले. लोक वही उघडतात, कुंकू बघून कपाळाला लावतात आणि खाली ठेवतात. नमस्कार चोवीस वेळा झाला असेल. विक्री शून्य! शाळेतले गुरुजी म्हणाले, "पोरांना ह्या फार भारी." बरं!

३० ऑक्टोबर
आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. दिवस कलला की देवळाकडे जातात, दिवेलागण झाली की येतात. वर्गाच्या बायका तिथेच असतात. माझीच गाऱ्हाणी चालली असणार! चालू देत.

४ नोव्हेंबर
भात आलं. पोती पडवीत पडली. दाब माळ्यावर चढवताना ह्यांनी विचारलं, "नीट ठिवू ना?" मी म्हटलं, कसाही ठेवा. वह्या खोक्यात भरल्या, तर एक कमी. उंदरांनी नेली असेल. त्यांना तरी आवडली.

८ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
दिवे लावत होते. आत्याबाईंनी हरवलेली वही माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर, कुंकवाच्या बोटांखाली, वाकडंतिकडं, शिसपेन्सिल दाबून दाबून लिहिलेलं त्यांचं नाव — तुळजाबाई.
"दसऱ्याला भावांच्या पाट्या पुजायचे. माज्यापुढं कुनी पाटी ठिवलीच न्हाई. म्हनून तुज्या वह्यांना हात लावला. वर्गातल्या समद्या बाया म्हनत्यात, आमालाबी पुजलेलीच वही पायजे."
त्या वळल्या आणि ह्यांना ओरडल्या, "हैबत्या, बसलास काय? पोती उचल पडवीतली. माज्या खोलीत टाक."