तू ठेव आधी

७ मार्च

धाकटीचा निरोप आला. माझ्या फोनवर नाही, नवऱ्याच्या. माझ्याकडे ती वर्षभर ब्लॉक आहे! "पुढच्या महिन्यात आईला जाऊन वर्ष होईल. आईचं कपाट अजून तसंच बंद आहे. ताई येईल का? दोघींनी मिळून उघडू." नवऱ्याने चहा ढवळत ढवळत वाचून दाखवलं, हवामानाचा अंदाज वाचावा तसं.

मी म्हटलं, "तिला सांग, ताईचा आवाज काढ आणि एकटीच उघड."

तो उठला. कप घेऊन गॅलरीत गेला. हल्ली तिथेच जातो.

९ मार्च

दुकानात आज चष्म्यांची ही गर्दी. वर्षभर घरात बसून, पडद्यांकडे बघून सगळ्यांचे नंबर वाढलेत. मी आपली खुर्चीशेजारी उभी राहून भिंगं बदलतेय — "पहिलं स्पष्ट की दुसरं? आता? पहिलं की दुसरं?" एक आजोबा वैतागून म्हणाले, "बाई, मला दोन्ही सारखीच दिसतात. तुम्हीच काय ते ठरवा!" सगळे हसले. मीही हसले. मग मागच्या खोलीत भिंगं पुसायला म्हणून गेले आणि रडू फुटलं.

कारण वर्षभर माझं हेच चाललंय. कोणता फोन आईचा, कोणता धाकटीचा? पहिला की दुसरा?

लिहूनच काढते एकदा. मागच्या वर्षी नुसती धुमसत राहिले.

मला ताप आला, मग श्वास लागायला लागला, दवाखान्यात हलवलं. आई तेव्हा धाकटीकडे राहत होती. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. तिचा तो बटणांचा फोन, म्हणजे चेहरा दिसायचा प्रश्नच नाही, नुसता आवाज. मी तिकडे पडलेली असतानाच आईलाही खोकला सुरू झाला. तिला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथून ती परत आली नाही. यातलं मला कुणी काही म्हणजे काहीच सांगितलं नाही.

आणि तिचा फोन मात्र येतच राहिला! ती गेल्यावरसुद्धा!

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आम्हा दोघींना फोनवर बोलायला तिनेच शिकवलं. "शब्द चावू नका. वाक्य संपलं की थांबा, समोरच्याला बोलू द्या." परिणाम असा की तिघींचा फोनवरचा आवाज एकच. बाबासुद्धा फसायचे, धाकटीलाच आई समजून येताना काय आणू ते विचारायचे. घरातली केवढी गंमत होती ती! त्याच गमतीने माझा केसाने गळा कापला.

१० मार्च

निरोपाला उत्तर दिलं नाही. देणारही नाही.

१४ मार्च

कन्येने आज विचारलं, "आई, तू माझ्यावर अजून चिडलीयेस का?" मी 'नाही' म्हटलं. खोटं.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा सगळे कसे लगबगीने वागत होते. उशी घे, गरम पाणी घे, खिडकी लावू का? दोन दिवस मला वाटलं, काय माया आहे घरच्यांची! तिसऱ्या दिवशी म्हटलं, आज आईचा फोन आला नाही, मीच लावते. कन्या ताटं विसळत होती. तिच्या हातातलं ताट खाली पडलं. मी म्हटलं, "अगं, हळू." ती तशीच ओल्या हातांनी येऊन मला बिलगली, आणि मला कळलं.

नंतर कळलं ते त्याहून भारी. दुकानाच्या मालकांना माहीत होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या शिक्षिकेला माहीत होतं, डबा घेऊन आली तेव्हा हसून म्हणाली, "आता छान तब्येत करा हं!" गावाला ठाऊक आणि मला ताकास तूर लागू दिली नाही. नवऱ्याचं एकच पालुपद, "डॉक्टर म्हणाले होते, धक्का नको."

मग आता काय मला गुदगुल्या झाल्या?

२० मार्च

आई स्वतःहून फोन कधीच ठेवायची नाही. नोकरीतली सवय. समोरचा माणूस बोलतोय आणि ऑपरेटरने लाइन तोडली, यासारखं पाप नाही तिच्या लेखी. निवृत्त झाली तरी तेच. शेवटी म्हणायची, "मोठे, तू ठेव आधी." मी म्हणायची, तू ठेव. ती म्हणायची, नाही, तू. चांगल्या शिकलेल्या दोन बायका, आणि हा पोरकटपणा! धाकटीचं उलट. सदा घोड्यावर स्वार. "ठेवते गं!" की खट्.

तर मला वाटलं, सोपं आहे. 'तू ठेव' म्हणाली ती आई, 'ठेवते' म्हणाली ती धाकटी. नवऱ्याला तर नेमकं काही आठवतच नाही. म्हणे, "तुझी आई घरी होती तेव्हाही खोकल्याने बोलवेना, मग कधी त्या बोलायच्या, कधी धाकटी." मला तर तापात दिवस-रात्रही कळत नव्हती. म्हणून आठवून आठवून एकेक फोन चाळणीतून काढला. आणि सगळे 'तू ठेव आधी'वरच संपतात! तेवढी तालीम केली होती बाईसाहेबांनी!

एक सोडून. तो फोन अनोळखी नंबरवरून आला होता. आई तेव्हा दवाखान्यात होती आणि तिचा फोन धाकटीच्या घरी. म्हणजे बाहेर कुठेतरी, कुणाचा तरी उसना घेऊन धाकटीच बोलली. आवाज बसलेला, रडून रडून बसतो तसा. "मोठे, धाकटीवर रागावू नकोस हं. ती काय करेल ते भीतीने करेल. तू मोठी आहेस." मी विचारतेय, अगं पण झालं काय, आणि तिकडून, "ठेवते." खट्!

सापडली की नाही? घाबरली आणि सोंग सुटलं!

आई तिकडे शेवटच्या घटका मोजतेय, आणि ही तिच्याच आवाजात स्वतःसाठी अटकपूर्व जामीन मागतेय. बाकी सगळं एक वेळ माफ करीन. हे नाही. तो नंबरसुद्धा ब्लॉक केलाय.

२ एप्रिल

आज चार चष्मे चुकीच्या डब्यांत घातले. मालक म्हणाले, "बाई, घरी जा."

मला फक्त एवढंच हवंय. आई माझ्याशी शेवटचं काय बोलली? प्रत्येकाकडे काहीतरी शेवटचं असतं. नवऱ्याकडे त्याच्या वडिलांचं आहे — "पंखा बंद कर." साधंच आहे, पण खात्रीचं! माझ्याकडे नुसती भेसळ.

एका संध्याकाळी मी म्हटलं होतं, "आई, धाकटीकडे तुझे हाल होतात ते मला कळतं. तिला धड वरण जमत नाही की माणूस जपणं. मी बरी झाले की तुला इकडेच आणते." पलीकडून, "आण हो. तू आधी बरी हो. तू ठेव."

ती कोण होती? आई असेल तर ती माझी वाट बघत गेली. धाकटी असेल तर तिने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. दोन्ही नको वाटतं.

११ एप्रिल

गेले शेवटी. नवरा खाली गाडीतच थांबला, शहाणा आहे.

धाकटी वाळली आहे. दार उघडून नुसती उभी. तिचा नवरा "या ताई" म्हणून आतल्या खोलीत पसार. कपाटाशी दोन स्टुलं मांडून ठेवली होती तिने, शेजारी शेजारी. मी उभीच राहिले.

म्हणाली, "ताई, एकदा मार मला. पण बोल."

"बोलायचं तर तू बोलतेस. सगळ्यांच्या वतीने."

"तू ऑक्सिजनचा मास्क काढून टाकायचीस. नर्सचं ऐकायची नाहीस. फक्त आईने सांगितलं की लावायचीस. दाजी म्हणाले, आज एक दिवस बोल. मग दुसरा दिवस आला. मग आई गेली. मी सांगणार कशी? स्मशानातून आले, तोंडावर पाणी मारलं आणि तुला फोन लावला. तू विचारलंस, जेवलीस का. मी म्हटलं, हो."

बसायला मी स्टूल ओढलं, खरंच. आणि तरीही मी ते बोललेच. "हे सगळं ठीक. पण 'धाकटीवर रागावू नकोस', हे आईच्या तोंडी घालताना तुझी जीभ झडली नाही?"

ती म्हणाली, "असं मी कधी म्हटलं?"

मी फोन काढून नंबर दाखवला.

"हा माझा नाही. यांचाही नाही."

"फोन ठेवताना घाबरून 'ठेवते' म्हणालीस, त्यातच पकडली गेलीस!"

"मी 'ठेवते' म्हणेन?" तिला आता रागच आला. लहानपणीसारखी नाकपुडी फुगली. "ताई, तेवढं एकच तर मी जपत होते! कागदावर लिहून समोर चिकटवलं होतं, तू ठेव आधी, म्हणून!"

मी म्हटलं, नाटकं पुरे. निघून आले. कपाट बंद ते बंदच. जिन्यात तिच्या हुंदक्यांचा आवाज आला तो हुबेहूब आईसारखा, म्हणून आणखीच संताप आला.

१२ एप्रिल

खोटारडी! तोंडावर धडधडीत!

१५ एप्रिल

दुपारी तो नंबर ब्लॉकमधून काढला आणि लावला. म्हटलं, एकदाची रंगेहाथ पकडते.

अनोळखी बाई बोलली. मागे ट्रॉलीचा खडखडाट. आईच्या वॉर्डातली नर्स! 'एक्स्चेंजमधल्या आजी' म्हटल्याबरोबर तिला आठवलं. "त्यांना कशी विसरेन? आम्हा सगळ्यांना फोनवर नीट बोलायला शिकवत होत्या. तुमचा नंबर तोंडपाठ होता त्यांना. मीच लावून दिला, मीच कानाशी धरला. मास्क काढून बोलत होत्या हो, दम पुरेना. मी मागे लागले, आजी, ठेवा, ठेवा आता. दोनदा नाही म्हणाल्या. मग ठेवला."

मी विचारलं, त्यानंतर आणखी कुणाला केला?

"नाही. तो एकच."

आता धाकटीला फोन करायचा तरी कोणत्या तोंडाने?