हौसाबाईंची कापलेली ओवी

सोम. ३ मार्च
नितीनचा पुन्हा फोन. माझा भाचा, आता कंपनी तोच बघतो. वेबसाइटसाठी कंपनीचा इतिहास हवाय. "मामा, अभिमानानं लिहा." बसलो लिहायला. केबलवर गाण्यांची जाहिरात, खाली फोन नंबर, चार दिवसांत कॅसेट घरपोच. नगरमध्ये हे आधी आम्हीच केलं. भजनं, गवळणी लिहून झाल्या. 'जात्यावरच्या ओव्या' या संचापाशी पेन अडलं. उठून चहा केला. परत बसलोच नाही.

बुध. ५
त्या जाहिरातीत पुण्याची मॉडेल होती. जातं उलटं फिरवत होती. मिरजगावच्या एका बाईंनी फोन करून झापलं होतं. आवाज मात्र हौसाबाईंचा, कर्जतच्या पुढच्या वस्तीवरच्या. कव्हरवर फोटो मॉडेलचा आणि गायिकेच्या जागी नुसतं 'पारंपरिक'. बाईंना एक कॅसेटसुद्धा पाठवली नाही. पाठवू पाठवू म्हणता वीस वर्षं. हे नितीनला कसं लिहू?

शनि. ८
बोलाफुलाला गाठ. हौसाबाईंच्या सुनेचा फोन. नातवानं आमचा गाण्यांचा पेनड्राइव्ह आणला, बाईंनी स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "बाकी समद्या हायेत, पर दत्तूभावजींची ओवी न्हाई. आत्याबाई म्हनत्यात, तुमच्याकडं असंल."
असेल कुठली! मीच कापली. बायका ओवीत आपल्या लेकाचं नाव घालतात. मी म्हटलं, दुसरीच्या दत्तूची ओवी कोण विकत घेईल? काढा. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "साहेब, हीच तर खरी आहे." तरी काढली. दत्तू त्याच हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. मला माहीत होतं. माइकसमोर बसण्याआधी बाईंनीच सांगितलं होतं.
माझीच मला लाज वाटते.

मंगळ. ११
माळ्यावरची खोकी उपसली. मूळ टेप मिळाली! लेबलावर 'ओव्या' खोडून 'आरत्या' लिहिलंय. अक्षर माझंच. तरी लावून बघितली. शेवटपर्यंत आरत्याच.

शनि. १५
वस्तीवर जाऊन आलो. हौसाबाईंनी लगेच ओळखलं. "भाऊ आलं गं," म्हणून सुनेला चहा टाकायला लावला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
म्हटलं, "ओवी आत्ता म्हणा, फोनवर भरून घेतो."
"ती तवाच सुचली हुती, जात्याला हात लावल्यावर. मागनं लई आटवली, न्हाई आली. म्हनून तर टेप पायजे. सापडली का?"
"शोधतोय," म्हणालो. तोंड वर करून.

सोम. १७
इतिहास पाठवला. ओव्यांच्या संचाखाली हौसाबाईंचं नाव, गाव, दत्तूची ओवी कापल्याचं, सगळं. नितीनचा फोन: "मामा, एवढं नको. कापू या का?"
माझ्याच हाताखाली शिकलाय. नाही म्हणालो.
नितीनला लिहून कळवलं, बाईंना मात्र अजून...

बुध. १९
सुनेचा फोन. शेजारून कॅसेटचा टेपरेकॉर्डर मागून आणलाय. आत्याबाईंनी पुसून उशाशी ठेवलाय. "इचारत्यात, कवा येताय?"
रविवारी, म्हणालो. पुढचं वाक्य ओठांवर होतं, टेप पुसली गेली म्हणून. तेवढ्यात मागून त्यांचाच आवाज, "भाऊ, जेवायलाच या. संगट बसून आयकू."
आणि मी हो म्हणालो.