पुण्याच्या कॉलेजचं पत्र

कालिंदीच्या अण्णांस,

तुम्ही गडहिंग्लजहून येईपर्यंत आम्ही दोघी पुण्यात पोचलेल्या असू. सहाच्या एस.टी.नं निघतोय. सांगलीच्या कॉलेजात भरायला तुम्ही काढून ठेवलेलं दाखल्यांचं पाकीट मी नेलंय, ते शोधत बसू नका.

पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं पत्र आलंच नाही, असं मी सांगितलं ते खोटं होतं. पाच दिवसांपूर्वीच आलं. सांगलीला शिकली तर पोरगी रोज संध्याकाळी घरी येईल, म्हणून मी ते तांदळाच्या डब्यात घालून ठेवलं.

आज पहाटे ते तिच्या हातात दिलं. वाटलं, चिडेल, रडेल. तिनं ते दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, "आई, आज शेवटची तारीख आहे. पोचू का गं आपण?" मग तुमची वाट बघत थांबणं मला जमलं नाही.

गडहिंग्लजला वन्संना सांगलीत नंबर लागल्याचे पेढे देऊन आला असाल. त्यांना काय ते मी सांगेन. पालकांच्या सहीच्या जागी मी माझी सही करणार आहे. आईची चालते का, ठाऊक नाही. कचेरी चारला बंद होते, वाटेत गाडी बिघडली तर काय, हाच घोर लागलाय.

भाकरी दुरडीत आहे, आमटी गरम करून घ्या. रागवायचं ते माझ्यावर रागवा.

प्रवेश मिळाला तर ती तिथंच वसतिगृहात राहील. मी मावशीकडं मुक्काम करून उद्या संध्याकाळी एकटीच परत येईन. स्टँडवर या. तिला सोडून एकटीनं घरात पाऊल टाकायला मला जमणार नाही.

कालिंदीची आई