निर्गुडीचा शेक

१२ जानेवारी १९९२, केदारखेडा

अपील फेटाळलं! अपंगत्वाच्या पेन्शनीला वीस टक्के लागतात. माझ्या गुडघ्याला पंधराच दिले. बर्फात रसद वाहताना दरीत घसरलो तेव्हाचा गुडघा — त्यापायी पलटणीतून घरी आलो! पुण्याच्या मेडिकल बोर्डाचे डॉक्टर म्हणालेच होते, 'सूज कुठाय? चांगला वाकतोय की.'

वाकणारच. पुण्याला निघायच्या आधी बायको, द्वारका, रोज निर्गुडीचा पाला वाफवून शेकत होती. 'साहेबलोकांपुढं लंगडत नका जाऊ.' गेलो ताठ! वर कडक सलामही ठोकला!

१३ जानेवारी

'काऊन फेटाळलं?' द्वारकाने विचारलं. म्हटलं, डॉक्टर खडूस होता. तिच्या शेकाने घात केला हे कसं सांगू? जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल. तिची दुसऱ्यांच्या रानातली कापूस वेचणी सुटावी, म्हणून तर हे सगळं.

२ मार्च

पुन्हा अपील केलं होतं. बोर्डाची एप्रिलअखेरची तारीख मिळाली. रामकिसन, माझ्या पलटणीतला, भोकरदनहून आल्ता. म्हणाला, 'गड्या, हाये तसा गुडघा दाखीव. शेकबिक बिलकुल बंद.' यात लबाडी कसली? दुखतंय ते दिसू द्यायचं, एवढंच.

३ मार्च

द्वारका शेकाचं पातेलं घेऊन आली. नको म्हटलं. ऐकेना. ओरडलोच — 'हात लावू नको!' पाला उकिरड्यावर टाकून आली.

२१ मार्च

गुडघा टम्म सुजलाय. ठणका सोसवत नाही, आणि मी मूर्ख खूश!

आज वाढता वाढता म्हणाली, 'माझ्या हाताचा वीट आला का? तसं सांगा. उगंच अबोला धरून राह्यले तुम्ही.' अगदी ओठांवर आलं होतं. नाही बोललो. बोर्ड झाला की त्याच दिवशी सगळं सांगणार. मग घाल म्हणावं हव्या तेवढ्या शिव्या!

४ एप्रिल, जालना

द्वारकाचा चार दिवसांचा ताप डोक्यात गेला. जीपमध्ये घालून दवाखान्यात आणली. वाटेत एकदाच डोळे उघडले. म्हणाली, 'पाला खुडून ठिवलाय.' मी तिच्या कानाशी सगळं सांगितलं — बोर्ड, सूज, सगळं. तोवर तिची शुद्ध हरपली होती.

५ एप्रिल

द्वारका गेली.

१७ एप्रिल, केदारखेडा

तेरावा झाला. तिची बहीण साळूबाई जाताना थांबली. 'आक्का म्हणत होती, ह्यांचं मन उडालं माझ्यावरून. खरं का, दाजी?'

ती उत्तराची वाट पाहून निघून गेली. तिला वाटलं असेल, खरंच आहे.

२९ एप्रिल, पुणे

रामकिसनने धरून जिना चढवला. डॉक्टरांनी सूज दाबून पाहिली. म्हणाले, 'एवढा सुजलाय! घरी कुणी शेकत नाही का?'

म्हटलं, नाही.

तीस टक्के दिले.