दुधाचा दात नव्हता तो

कल्याण, कार्तिक वद्य पंचमी, शके १८०७

राजश्री दौलतराव व्याही यांस गुणाजीचा नमस्कार. इकडे सारे ठीक आहे असे दरवेळी लिहितो, आज तसे लिहवत नाही. भाताची झोडणी झाली, म्हैस व्याली. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? माझ्या कुटुंबाने, आवडाने, त्यांच्यासाठी निरगुडीचा पाला वाळवून ठेवला आहे.

दिवाळसणाला जावईबापूंना बोलावले नाही, तेव्हा तुम्ही विचारलेत, घोडे पेंड कुठे खाते? मी घरात ताप आहे म्हणून कळवले. ताप कुणालाच नव्हता. आमच्या पोरीचा, तुळसाचा, सुजलेला उजवा गाल तुमच्या माणसांना दिसू नये म्हणून तसे लिहिले.

लग्नात जावईबापूंनी तिच्या दातांतला विडा तोडला, तेव्हा विड्याबरोबर तिचा दातही आला. सारा मांडव हसला. तुम्ही म्हणालात, "सून अजून दुधाच्या दातांची आहे!" मीही हसलो. दौलतराव, दुधाचा दात नव्हता तो. दूधदात पडून वर्षापूर्वी आलेला पक्का दात होता. आत जबड्यात सुपारीएवढी गाठ होती, आणि मला ठाऊक होते. मुलगी बघायला आलात तेव्हा गालाचा फुगवटा लपवायला मीच तिच्या तोंडात विडा ठेवला होता.

आता गाठ पेरूएवढी झाली आहे. तोंड मिटत नाही, पोर पेजेवर आहे. गालगुंड समजून मी डागही देववला. त्या किंकाळीची मला लाज वाटते.

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, ही गाठ अंगभर पसरणारी नाही, पण हट्टी आहे. हाड पोखरत वाढते, जरा उरली तरी पुन्हा येते. गुंगी देऊन उजवा जबडा काढावा लागेल, नाहीतर श्वास अडेल. जगेलच अशी खात्री तेही देत नाहीत.

भाऊबंद म्हणतात, "लग्न झालेली पोर सासरची. त्यांना इचारल्याबिगर कापायची नाय." मी न विचारता सही करून आलो. मुलाचे दुसरे लग्न केलेत तरी मी ब्र काढणार नाही. फक्त तिला बोल लावू नका. लपवले ते मी.

इस्पितळात गळ्यात काही ठेवू देत नाहीत. आज आवडाने तिच्या गळ्यातले मंगळसूत्र काढले, तेव्हा तुळसा म्हणाली, "बाबा, सासूबाई रागं भरतील?" मी ते उपरण्याच्या टोकाला बांधून ठेवले.

परवा सकाळी मुंबईला जाताना आमची गाडी तुमच्या ठाण्याला थांबेल. मंगळसूत्र परत हवे असेल तर फलाटावर या, मी देईन. पण तिच्यासमोर मागू नका.

अद्याप तुमचा व्याही,
गुणाजी