उलट्या मोराची चादर

मंगळवार, संध्याकाळ

अजून खरंच वाटत नाही. परदेशी कंपनीच्या माणसाने दिल्लीच्या हॉटेलात आपल्या खासदारांना पैशांची बॅग दिली, त्याचा व्हिडिओ आज टीव्हीवर आला. आणि मागे सोफ्यावर आमच्या कारखान्याची चादर! काठाला एक मोर उलटा. मागावर नक्षी उठवणाऱ्या जॅकार्डची कार्डं उलटी लागली होती, मीच ती चादर तपासणीत बाजूला काढलेली.

मध्यंतरी खासदार कंपनीच्या त्याच गोऱ्या माणसाला पाहुणा म्हणून घेऊन एमआयडीसीत आमच्याकडे आले, तेव्हा मालकांनी सत्काराला नेमकी तीच काढली. फुकटच द्यायची, मग चांगली कशाला? खासदारांनी स्वतःच्या हाताने ती त्याच्या खांद्यावर घातली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

केवढी ही भानगड! देश विकायला काढला म्हणतायत, आणि त्या गिऱ्हाइकाला टाळ्या कुणाच्या, तर आमच्या?

मालक डोक्याला हात लावून बसलेत. म्हणाले, "साऱ्या देशानं बघितलं की! मोर उलटा हाय!"

मला हसू आलं. पण मीही घरी येऊन मोबाइलवर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. मी मोरच बघत होते. बॅगेकडे एकदाही नजर गेली नाही.