पाहुण्यांना पोचवून ये

३ मार्च
शुक्रवारी सात टक्के खाली, आज नऊ टक्के वर! पंप बनवणाऱ्या साध्या कंपनीचा शेअर, पण नाचतो असा की बघत राहावं. मी त्याला पुरती ओळखून आहे. चढला की थोडे विकायचे, आपटला की तेवढेच परत घ्यायचे. दोन वर्षांत गाठीला बरंच जमलंय. पार्लरमधल्या जणी म्हणतात, तुझं काळीज दगडाचं. असू दे! महिनाअखेर कोपऱ्यावरचा गाळा घ्यायचा. स्वतःची खुर्ची, स्वतःचा आरसा. दुसऱ्याच्या दुकानात लोकांचे केस रंगवून बारा वर्षं झाली.

५ मार्च
खातं नवऱ्याच्या नावावर, त्याच्याच फोनवर. माझे हात दिवसभर रंगात, म्हणून मी निरोप धाडते, खरेदी-विक्री तो करतो. सासूबाईंच्या मते शेअर म्हणजे जुगार! म्हणून घरात आम्ही शेअरना 'पाहुणे' म्हणतो. 'पाहुणे दमलेत' — भाव पडला. 'पाहुण्यांना पोचवून ये' — सगळे विकून टाक. सासूबाईंना कशाचा पत्ता नाही. चहा झाला की शब्दकोडी घेऊन खोलीत, दार बंद, ते थेट दुपारी बाहेर.

नवऱ्याला बजावून ठेवलंय — मी सांगितलं की लगेच करायचं. 'पण' नाही, 'का' नाही. मागे एकदा विचार करत बसला आणि भाव निसटला.

११ मार्च
आपटला. अकरा टक्के! नवरा म्हणाला, "पाहुणे फारच दमलेत गं." म्हटलं, "बसू दे. उठतील."

सासूबाई भाजी निवडत होत्या. "कुठले गं पाहुणे?" माहेरचे, म्हणून दिलं ठोकून.

१४ मार्च
नवऱ्याची आत्या आलीय. "दोनच दिवस हं!" बॅगा मात्र तीन.

१९ मार्च
आत्या अजून इथेच. शेअर अजून खाली. दोघंही हलायला तयार नाहीत! पण कंपनीला मोठी ऑर्डर मिळणार, आठवडाभरात भाव उसळणार — पैज लावते. तोवर हातही लावायचा नाही.

२१ मार्च, शुक्रवार
सकाळी आत्या म्हणाली, "लोकांची डोकी रंगवून कुणाचं भलं झालंय?" डोकंच फिरलं माझं. कामावर पोचल्या पोचल्या नवऱ्याला निरोप — 'आज पाहुण्यांना पोचवून ये. फार झालं.'

संध्याकाळी येऊन बघते तर आत्या टीव्हीसमोर, पाय वर घेऊन! नवरा स्वयंपाकघरात आला, हळूच म्हणाला, "पोचवले. सगळेच्या सगळे. एक प्रश्न विचारला नाही बघ."

अरे देवा! वर्षातल्या सगळ्यात खालच्या भावाला!

त्याला तरी काय बोलू? नियम माझा, शब्द माझे. बाथरूमचा नळ सोडून रडले.

२४ मार्च, सोमवार
म्हटलं होतं ना! ऑर्डरची बातमी सुट्टीतच फुटली. आज बाजार उघडताच भाव वीस टक्के वर. परत घ्यायला गेलो तर विकणाराच कुणी नाही. अंदाज बरोबर होता, हे आता कुणाला सांगू?

गाळेवाल्याला सांगितलं, जमत नाही. म्हणाला, "ताई, एकतीसपर्यंत थांबतो मी." भला माणूस. पण थांबून काय होणार? गाळा गेला. फार वाईट वाटतंय.

२८ मार्च
आत्या गेली. एकदाची!

३१ मार्च
सकाळी सासूबाईंनी खोलीत बोलावलं. शब्दकोड्यांची वही पुढे केली. एक कोडं नाही! पानंच्या पानं माझ्याच शेअरचे रोजचे भाव.

"तू पाहुणे पोचवलेस ना, त्याच दुपारी ते माझ्याकडे उतरले. इतक्या खाली कुणी सोडतं का गं?"

मी म्हटलं, "पण तुम्ही तर जुगार म्हणायचात..."

"ते कुणी माझ्याकडे मागायला येऊ नये म्हणून. चल, चप्पल घाल. गाळा बघून येऊ."